लशीच्या वाटेवरचे विलोब्रुक

येत्या २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन. आपल्याकडे नवजात बाळाला पहिल्या चोवीस तासांतच हिपॅटायटिस ‘बी’ची लस टोचली जाते. या लशीच्या इतिहासात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक स्टेट स्कूल ही संस्था येते. तिच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

१९४७ मध्ये सुरू झालेली ही सरकारी संस्था नावापुरतीच शाळा होती. बौद्धिक अक्षमता असलेली, त्या काळच्या भाषेत ‘मतिमंद’, मुले आणि मोठी माणसे तिथे ठेवली जात. सोय चार हजारांची. १९६५ मध्ये आत सहा हजारांहून अधिक. खाटेला खाट लागलेली, कर्मचारी अपुरे, अनेक मुलांना शौचाचे भान नाही. विष्ठेतून पसरणाऱ्या काविळीला आणखी काय हवे?

१९५६ पासून बालरोगतज्ज्ञ डॉ. सॉल क्रुगमन आणि सहकाऱ्यांनी इथल्या काही मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग दिला. गॅमा ग्लोब्युलिनने किती संरक्षण मिळते, हे त्यांना पाहायचे होते. त्यांचा युक्तिवाद असा, की मुलांना कावीळ आज ना उद्या होणारच. मग ती वेगळ्या कक्षात, चांगल्या देखरेखीखाली झालेली काय वाईट? शिवाय पालकांच्या सह्या होत्या.

ऐकायला हे बिनतोड वाटते. पण कावीळ अटळ झाली होती ती गर्दीमुळे, आणि ती गर्दी मुलांनी केलेली नव्हती. सह्यांचे म्हणाल, तर १९६४ च्या अखेरीस नवे प्रवेश बंद झाले. काविळीच्या कक्षात मात्र जागा होती. मूल घरी सांभाळणे अशक्य झालेल्या आईच्या सहीला संमती म्हणायचे का?

संशोधन खोटे नव्हते. काविळीचे दोन वेगळे प्रकार असल्याचे १९६७ मध्ये इथेच स्पष्ट झाले. १९७१ मध्ये, उकळलेल्या संसर्गित रक्तद्रवाने ‘बी’पासून काही संरक्षण मिळते, हेही इथेच दिसले. हेन्री बीचर यांनी १९६६ मध्येच या प्रयोगांवर बोट ठेवले होते. तरी १९८३ मध्ये क्रुगमन यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

संस्थेची दारे उघडली ती वेगळ्याच कारणाने. १९६५ मध्ये रॉबर्ट केनेडी येऊन संतापून गेले, पण फार काही बदलले नाही. १९७२ मध्ये नोकरीवरून काढलेल्या डॉ. मायकेल विल्किन्स यांच्याकडे एका इमारतीची किल्ली राहिली होती. त्यांनी टीव्हीचे वार्ताहर हेराल्डो रिव्हेरा यांना आत नेले. उघडी, घाणीत बसलेली मुले घरोघरी दिसली. पालक न्यायालयात गेले, १९७५ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला, माणसे हळूहळू वस्तीतल्या छोट्या घरांत गेली आणि १९८७ मध्ये विलोब्रुक बंद झाले.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचे, तर तिला समजेल अशा रीतीने घेतलेली तिची स्वतःची संमती लागते आणि सरकारी समितीची पूर्वपरवानगीही. त्या समितीतले किमान निम्मे सदस्य दिव्यांग व्यक्ती किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. वसतिगृहातल्या खाटांमधले अंतर मात्र या कलमात येत नाही.