ओझ्याला हात लावा

मी गोदीत हमाली करतो. 50 किलोचं पोतं पाठीवर घेताना दोघं जण हात लावतात. एकट्यानं उचललं तर कंबर जाते, हे टोळीतल्या नव्या पोरालाही ठाऊक आहे. पाळी संपली की पोतं धक्क्यावर राहतं. मी खोलीवर येतो, जमलं तर कविता लिहितो.

माझ्या ताईची पाळी संपत नाही.

ताई यावलला असते. केळीच्या बागेत रोजानं जाते. दाजी रात्री ट्रकवर केळी भरतात. भाचा आठ वर्षांचा. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. वरातीचा बॅन्ड वाजला की कान दाबून भिंतीवर डोकं आपटतो. रात्री दोनला उठून कडी काढतो, रस्त्याला लागतो. म्हणून ताई साडीचा पदर त्याच्या मनगटाला बांधून झोपते. झोपते म्हणजे नुसती पडते. दिवाळीत गेलो तर तिच्या दंडावर दातांचे वण. म्हणाली, "भाऊ, त्याचा राग नाही येत रे मले. मले माझीच भीती वाटते. येकदा हात उगारला मी त्याच्यावर." बत्तिसाव्या वर्षी कंबर गेलीय, ब्लडप्रेशर चढलंय.

आणि शहाणे काय म्हणतात? सासू म्हणते, मागल्या जन्माचं पाप. एक डॉक्टर म्हणाला, तुम्ही पोराशी बोलत नाही वाटतं.

हा डॉक्टरी आरोप जुनाच आहे. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, वर्णन लिओ कॅनरनं अमेरिकेत 1943 साली केलं. पुढं आईबापांच्या थंडपणाकडं बोट गेलं. 1967 साली ब्रूनो बेटलहाइमनं जाड पुस्तक लिहून आईलाच पिंजऱ्यात उभं केलं. खरं तर स्वतः अशा पोराचा बाप असलेल्या बर्नार्ड रिमलंडनं 1964 सालीच हे खोडून काढलं होतं. 1977 साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासानं दाखवलं की यात जन्मजात रक्ताचा वाटा मोठा आहे, मायेचा दुष्काळ नाही. तरी बोट अजून आईकडंच.

मित्रांनो, मागल्या जन्माच्या पापाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवताना हीच सांगितली होती. ती आपण थुंकून टाकली. मग आपल्याच वस्तीत, आपल्याच बाईला ती सांगताना जीभ का झडत नाही?

2010 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या आयांच्या अंगातलं ताणाचं रसायन मोजलं. लढाईवरच्या सैनिकांचं बिघडतं तसंच ते बिघडलेलं निघालं. सैनिकाला सुट्टी असते, पेन्शन असते. ताईला काय? आईची माया थोर, असं म्हणून टाळ्या. मीही आईवर कविता म्हटल्या, टाळ्या घेतल्या. ताईला एक रात्र झोप दिली नाही. हा आरोप आधी माझ्यावर.

कोणी पोराला ओझं म्हणालं तर मी तोंड फोडीन. पोरगा ओझं नाही. एकटीनं जागायचं, एकटीनं ऐकून घ्यायचं, दाखल्यासाठी रोज बुडवून जिल्ह्याला एकटीनं हेलपाटे मारायचे, हे ओझं आहे.

1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. 2016 च्या कायद्यात आलं. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी सांभाळणाऱ्याचा भत्ताही त्यात लिहिलाय. ताईच्या हातावर त्यातला रुपया पडला नाही. गोदी कामगारांना 1948 साली कायदा मिळाला तो काय कोणी दयेनं दिला? टोळ्या एक झाल्या म्हणून मिळाला. या आया टोळी करणार कधी? त्यांना घराबाहेर पडायला तास नाही.

तेव्हा नाक्यावर क्रांती बोलणाऱ्या दोस्ता, आधी तो तास दे. आपल्या गल्लीत असं घर शोध. रविवारी दोन तास त्या पोरापाशी बस. त्याला काय आवडतं, कशाचा त्रास होतो, ते त्याच्या आईकडून शिकून घे. आई झोपू दे. मग तिच्यासंगं कचेरीवर जा आणि भत्ता माग.

या सुट्टीत मी यावलला चाललोय. पदर माझ्या मनगटाला बांधणार आहे.