राणीच्या हातची थाळी आणि गुणवत्तेचा कांगावा

आरक्षणाचा विषय निघाला की काही मंडळी हमखास मैदानाकडे बोट दाखवतात. "खेळात कुठे जात बघतात? तिथे फक्त गुणवत्ता!" या मंडळींना आम्ही १९५७ च्या विम्बल्डनची आठवण करून देतो.

६ जुलै १९५७. अल्थिया गिब्सनने डार्लिन हार्डला ६-३, ६-२ असे हरवले आणि राणी एलिझाबेथच्या हातून विजेतेपदाची थाळी घेतली. विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. साउथ कॅरोलिनात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या घरात जन्मलेली, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेली. "बघा, गुणवत्ता असली की दार उघडतेच," असे म्हणायला तो फोटो फार सोयीचा आहे.

पण तेव्हा ती २९ वर्षांची होती. तिची गुणवत्ता काय त्याच उन्हाळ्यात उगवली? १९४७ पासून सलग दहा वर्षे ती अमेरिकन टेनिस असोसिएशनची विजेती होती. ही संस्था कृष्णवर्णीयांनी १९१६ साली स्वतः उभी केली, कारण गोऱ्यांच्या स्पर्धांत त्यांना जागा नव्हती. गोऱ्यांच्या संघटनेच्या नियमांत बंदी लिहिलेली नव्हती बरं का! फक्त राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता ज्या स्पर्धांतून मिळवायची, त्या बहुतेक गोऱ्यांच्याच क्लबांत भरत, आणि तिथे काळ्यांना प्रवेश नसे. ही युक्ती आपल्याला नवी नाही.

१९५० मध्ये ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने टेनिसच्या मासिकात जाहीर पत्र लिहून आपल्याच लोकांची लाज काढली, तेव्हा कुठे अल्थियाला राष्ट्रीय स्पर्धेत घेतले. मार्बलचे ऋण आम्हाला मान्य आहे. पण तिच्या चार वर्षे आधी ह्युबर्ट ईटन आणि वॉल्टर जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी अल्थियाला हेरले होते. ईटन यांच्या घरी राहून ती शाळा शिकली, त्यांच्याच खासगी कोर्टवर घडली. आपण 'पे बॅक टू सोसायटी' म्हणतो ते हेच. राणीसोबतच्या फोटोत हे दोघे दिसत नाहीत.

आणि थाळीनंतर? त्या काळी विम्बल्डन हौशी खेळाडूंचे. बक्षिसाची रक्कम शून्य. न्यूयॉर्कने मिरवणूक काढली, पोट मात्र मिरवणुकीवर भरत नाही. १९५८ मध्ये पुन्हा जिंकूनही तिला बास्केटबॉलच्या दौऱ्यांत प्रदर्शनीय टेनिस खेळावे लागले. म्हातारपणी औषधालाही पैसे उरले नाहीत, तेव्हा टेनिसजगताकडून मदत गोळा करायला धावली ती अँजेला बक्स्टन. १९५६ ला अल्थियासोबत विम्बल्डनची दुहेरी जिंकलेली, आणि ज्यू म्हणून लंडनच्या क्लबने सदस्यत्व नाकारलेली.