‘ॲ’चे घर अंकांच्या पलीकडे

युनिकोडच्या तक्त्यात देवनागरीसाठी १२८ घरे राखलेली आहेत. आधी अनुस्वार-विसर्ग, मग स्वर, मग व्यंजने, मग काना-मात्रा-वेलांट्या, मग दंड आणि शेवटी अंक. ‘अ’चे घर ०९०५. ‘९’ हा अंक ०९६एफवर येतो आणि पाटीवर शिकलेल्या माणसाच्या हिशेबाने देवनागरी तिथे संपायला हवी. ‘ॲ’ मात्र त्याच्याही पुढे, ०९७२ला राहतो. आपल्या सख्ख्या ‘अ’पासून शंभराहून अधिक घरे दूर.

हे अंतर या आठवड्यात एका ऑनलाइन प्रवेश-अर्जाने मोजून दाखवले. अर्ज मराठीत भरायचा होता. अभ्यासक्रमाच्या नावाच्या चौकटीत ‘ॲनिमेशन’ लिहिताच खाली लाल अक्षरांत ओळ उमटली: ‘अवैध अक्षर. कृपया फक्त मराठीत लिहा.’ मदतीच्या क्रमांकावरून सल्ला मिळाला की ‘अनिमेशन’ लिहा, चालते. शेजारच्या शुल्काच्या रकान्यात ‘₹’ हे चिन्ह मात्र ऐटीत उभे होते, त्याला कोणी हटकले नव्हते. अर्ज तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘अनुस्वारापासून ९ पर्यंत’ एवढेच कुंपण घातलेले असणार. दुसरे स्पष्टीकरण संभवत नाही, आणि संभवत असले तरी ते ऐकण्याची या स्तंभाची सध्या तयारी नाही.

कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा हे ठरवणारी यंत्रणा आंतरराष्ट्रीय आहे आणि तिला दोन दारे आहेत. एक दार आयएसओ आणि आयईसी या संस्थांच्या संयुक्त तांत्रिक समितीचे, म्हणजे जेटीसी-१चे. ही समिती १९८७ मध्ये स्थापन झाली. तिथे देश मत देतात. भारताचे मत भारतीय मानक ब्यूरोमार्फत जाते. दुसरे दार युनिकोड कन्सोर्शियमचे. ते जानेवारी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नोंदले गेले. तिथे प्रामुख्याने संगणक कंपन्या वर्गणी भरून मत देतात, सरकारेही सभासद होऊ शकतात. दोघांचे तक्ते आधी वेगवेगळे होते. आयएसओचा पहिला मसुदा १९९१च्या मतदानात पडला, मग दोन्ही बाजूंना शहाणपण सुचले आणि १९९३ मध्ये आयएसओ १०६४६ व युनिकोड हे क्रमांकांपुरते एकच झाले. तेव्हापासून एखादे अक्षर तक्त्यात शिरायचे तर दोन्ही दारांतून होकार लागतो.

होकारासाठी लागतो तो कागद. प्रस्तावाच्या नमुन्यात विचारलेले असते: हे अक्षर कोण वापरते, छापील पुरावा कुठे आहे, वापरणाऱ्या समाजाशी बोलणे झाले आहे का. प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. मोर्चा, निवेदन, अस्मितेचा ठराव यांसाठी नमुन्यात रकाना नाही.

भारतीय लिप्यांच्या बाबतीत या यंत्रणेला तयार कागद मिळाला होता. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८८ मध्ये इस्की या संकेताची नवी आवृत्ती आणली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचा साचा एकच असल्याने त्यांना तक्ताही एकच द्यायचा, ही त्यामागची कल्पना खरोखर सुंदर होती. युनिकोडने देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ वगैरे लिप्यांची रचना इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच उचलली. भारतीय मानक ब्यूरोने इस्कीचे सुधारित मानक, आयएस १३१९४, काढले ते १९९१ मध्ये. तोवर तिकडे पाया भरून झाला होता.

त्या पायात ‘ऍ’ होता, म्हणजे ‘ए’वर चंद्र. मराठीत कोणत्याही बालभारतीत तो नव्हता. मराठी माणूस चंद्र काढतो तो ‘अ’वर. ‘अ’वरच्या चंद्राला तक्त्यात स्वतंत्र घर नव्हते. यातली गंमत अशी, की इस्कीमागचे जिस्ट तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि त्या गटाने पुढे बिऱ्हाड केले ते पुण्यात, सी-डॅकमध्ये. ज्या शहरात बँकेपासून बॅडमिंटनपर्यंत सगळ्यावर चंद्र चढतो आणि दर दुसऱ्या इमारतीवर एका ॲडव्होकेटची पाटी असते, त्या शहरात हे अक्षर नसल्याचे कोणाच्या लक्षात आले नसेल असे मानणे कठीण आहे. लक्षात आले असेल; कागद गेला नाही.

आता दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. ‘₹’ या चिन्हाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली. त्याआधी हे चिन्ह जगात कुठेही वापरात नव्हते. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांनी ते देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांच्या मिलाफातून रेखाटले होते आणि स्पर्धेत ते निवडले गेले होते. एकाही बाजारात, एकाही वहीत, एकाही दुकानाच्या पाटीवर त्याचा पुरावा नव्हता. युनिकोडची ६.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात ‘₹’ २०बी९ या क्रमांकावर होते. जुलैचा पाऊस ते दसरा, इतक्यात काम झाले. एरवी याच समित्यांत एखादे अक्षर दोन-दोन वर्षे या बैठकीतून त्या बैठकीत फिरते.

‘ॲ’ १९९१च्या पहिल्या आवृत्तीत नव्हता. त्याचा पुरावा मात्र मराठीच्या कोणत्याही छापखान्यात खिळ्यांच्या केसमध्ये पडलेला होता. तो तक्त्यात आला २००८च्या एप्रिलमध्ये, ५.१ या आवृत्तीत. साडेसोळा वर्षांनी. जे चिन्ह अजून कोणी लिहिलेही नव्हते त्याला तीन महिने आणि जे रोज लिहिले जात होते त्याला साडेसोळा वर्षे. मधल्या काळात अवधीसाठी लागणारा ऱ्हस्व ‘अ’ २००३ मध्ये आला. नेपाळ आणि सिक्कीमकडची लिंबू भाषा देवनागरीत लिहिताना लागणारे एक चिन्ह २००५ मध्ये, सिंधीची चार अक्षरे २००६ पर्यंत. लिंबू भाषकांचा हक्क कोणापेक्षाही कमी नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते, एवढी नोंद शेजारी असली की पुरे.

या तुलनेवरून आंतरराष्ट्रीय समित्या मराठीचा दुस्वास करतात असा निष्कर्ष काढण्याची सोय आहे आणि दर भाषादिनाला तो काढलाही जातो. समितीच्या कारभारात त्याला आधार सापडत नाही. ‘₹’च्या मागे एक केंद्र सरकार होते; त्याला चिन्ह हवे होते, ते लवकर हवे होते आणि कोणाकडे जायचे हे ठाऊक होते. चलनाचे चिन्ह नसले तर बँका, कंपन्या, शेअर बाजार सगळ्यांचेच अडते, त्यामुळे संगणक कंपन्यांनाही घाई होती. ‘ॲ’ नसल्याने अडत होते ते फक्त लिहिणाऱ्यांचे. लिहिणाऱ्यांनी आपल्या सवयीप्रमाणे तक्रार न करता पळवाट काढली. कोणी ‘ए’वर चंद्र देऊन ‘ऍड.’ लिहिले, ते आजही वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर सापडते. कोणी ‘अ’ टाइप करून पुढे सुटा चंद्र दिला. काही संगणकांवर तो चंद्र ‘अ’वर बसायलाच तयार नसे आणि मध्ये ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ उमटे. मग कोणी ‘अ’ आणि चंद्र यांच्यामध्ये एक अदृश्य जोडक घातले, की वर्तुळ नाहीसे होई. डोळ्यांना सगळे ठीक दिसू लागले.

डोळ्यांनाच. ‘ॲ’ एकट्याने लिहिला तर यंत्राला एक क्रमांक मिळतो, सुट्या चंद्राने लिहिला तर दोन, जोडक घालून लिहिला तर तीन. यांतल्या एकाचे दुसऱ्याशी नाते आहे, हे यंत्राला कोणी सांगितलेले नाही. २००८ मध्ये घर मिळाले तेव्हा युनिकोडने ‘अ’ आणि सुटा चंद्र ही जोडी वापरू नये असे सांगितले. पण ती जोडी आणि नवे अक्षर समान आहेत असे मात्र ठरवले नाही. जुनी घरे हलवून ‘ॲ’ला ‘अ’च्या शेजारी आणणेही शक्य नव्हते. १९९६ मध्ये कोरियन लिपीची हजारो अक्षरे एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवली होती. त्या गोंधळानंतर समितीने शपथच घेतली की दिलेला क्रमांक पुन्हा कधीही बदलायचा नाही आणि काढूनही घ्यायचा नाही. उशिरा येणाऱ्याने मग मिळेल त्या रिकाम्या घरात राहायचे. ०९७२ रिकामे होते.

‘ऱ्य’ची कथा याहून बरी, म्हणजे विनोदी आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे भेद मराठीत अर्थाचे आहेत. समुद्र आणि डोंगरांमधली खोरी यांत गफलत चालत नाही. अशा शब्दांतला अर्धा ‘र’ यंत्रात ज्या अक्षरापासून बनतो ते ०९३१ वरचे टिंबाचे ‘ऱ’. अक्षरांच्या अधिकृत यादीत त्याच्यापुढे शेरा आहे की हे द्रविडी भाषांतला ‘र’ देवनागरीत उतरवण्यासाठी. म्हणजे कऱ्हाड, वऱ्हाड आणि गोऱ्हा हे तांत्रिकदृष्ट्या दाक्षिणात्य पाहुणे ठरले. शेऱ्यात पुढे अर्ध्या रूपाचा उल्लेख आहे, तिथे मराठीची वर्णी लागते. त्याआधी हाच ‘र’ साधा ‘र’, हलन्त आणि जोडक असा लिहायची रीत होती, तीही जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेली आहे. त्यामुळे एकाच ‘वऱ्हाड’ची दोन लेखने शेजारी नांदतात आणि एकाचा शोध घेतला तर दुसरे हाती लागेलच असे नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांचा विषय इथे टाळता आला असता, पण या स्तंभाला ते जमत नाही हे वाचकांना ठाऊक आहे. मागच्या लेखानंतर आलेल्या पत्रांचा सूर असा होता की पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ युनिकोडने पळवला. हा आरोप चुकीचा आहे. युनिकोड क्रमांक देते, वळण देत नाही. हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांचा क्रमांक एकच आणि तो तसाच असायला हवा. वळण फॉन्टमध्ये असते. मजकूर मराठी आहे अशी खूण असेल तर मराठी वळण दाखवावे, ही सोय फॉन्टच्या मानकात आहे आणि चांगल्या फॉन्टांत ती वापरलेलीही असते. ती खूण मजकुरावर लावायची असते दोन अक्षरांची, ‘एमआर’. ज्यांच्या पगारपत्रकावर महाराष्ट्राचे बोधचिन्ह असते त्यांच्याही संकेतस्थळांवर ती पुष्कळदा नसते. आंतरराष्ट्रीय सहकार्याने आपल्या बाजूचे काम केले, कडी आतून लावलेली आहे.

राज्य शासनाने ‘ॲ’ची दखल घेतली ती ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात, मराठी लिपी आणि वर्णमाला प्रमाण ठरवताना. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही त्यातच ठरली; २०२२च्या नोव्हेंबरात तो निर्णय अद्ययावत झाला. अक्षराला जागतिक तक्त्यात जागा मिळून दीड वर्ष उलटल्यावर त्याला राज्याच्या वर्णमालेत जागा मिळाली, असा क्रम दिसतो. हा निर्णय दहा वर्षे आधी, इंग्रजी प्रतीसह आणि छापील नमुन्यांसह योग्य पत्त्यावर गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न शाल-श्रीफळाच्या परिसंवादात विचारण्यासारखा आहे. तिथे वेळ पुष्कळ असतो.

योग्य पत्ता सापडणे अशक्य नव्हते, याचा पुरावा मोडी लिपी. शतकानुशतके मराठीचे दफ्तर जिच्यात लिहिले गेले ती मोडी जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, ७९ चिन्हांसह. तिचा प्रस्ताव अंशुमान पांडे या अभ्यासकाने अमेरिकेत बसून लिहिला. तमिळ अपूर्णांक आणि जुनी हिशेबी चिन्हे अशी ५१ चिन्हे २०१९ मध्ये तक्त्यात गेली. तमिळनाडूचे सरकार तर युनिकोडचे सभासदही झालेले होते.

प्रवेश-अर्जाची गोष्ट अर्धी राहिली. अर्जदाराने ‘अनिमेशन’ लिहिण्यास नकार दिला आणि कळफलकावर ‘अ’ आणि मग सुटा चंद्र असा जुना मार्ग धरला. ‘अ’चे घर ०९०५, चंद्राचे ०९४५, दोन्ही कुंपणाच्या आत. जी जोडी वापरू नये असे मानक सांगते ती अर्जाने बिनतक्रार स्वीकारली आणि हिरवी खूण दिली. दोन दिवसांनी त्याच संकेतस्थळावरच्या यादीत, शोधाच्या चौकटीत ‘ॲनिमेशन’ असे मोबाइलच्या कळफलकावरून लिहून पाहिले, तेव्हा उत्तर आले: ‘एकही नोंद आढळली नाही.’ यादीच्या चौथ्या पानावर तेच नाव, तशाच दिसणाऱ्या अक्षरांत, छापलेले होते.