आटे टाइट, टेन्शन नॉट!

'द फास्ट अँड द फ्यूरियस' २००१ मध्ये आला आणि ज्याच्याकडे साधी लूनाही नव्हती तोसुद्धा नायट्रसवर बोलायला लागला. बटण दाबलं की गाडी सुसाट, एवढाच फंडा! त्या बटणामागे पितळेची आणि अॅल्युमिनियमची ढीगभर फिटिंग्ज असतात आणि त्यातलं एखादं पेट्रोल गाळत असतं, हे कुठला डायरेक्टर दाखवणार?

माझा मामेभाऊ ह्यूस्टनला असतो. नोकरी आयटीत, जीव मस्टँगमध्ये. वीकेंडला स्वारी ड्रॅग स्ट्रिपवर. गेल्या महिन्यात त्याचा फोन. "अगं, फ्युएल सोलेनॉइडच्या जॉइंटला ओल दिसतेय. टेप गुंडाळतो, झालं काम."

टेप म्हणजे नळाची, पांढरी, टेफ्लॉनची. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाचं ब्रह्मास्त्र!

"दादा, किटचं मॅन्युअल वाचलंस का?" नव्हतं वाचलं. (कोण वाचतं म्हणा!)

आता बघा, नायट्रस स्वतः जळत नाही, जाळायला मदत करतो. त्यात वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत जेमतेम २३. एवढ्या ऑक्सिजनला तेवढंच जादा पेट्रोल लागतं आणि ते येतं एका बारीकशा जेटमधून. फिटिंग आवळताना टेपची चिंधी तुटली आणि त्या भोकात जाऊन बसली, की नायट्रस पूर्ण आणि पेट्रोल अर्धपोटी. मग पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. चिंधी सोलेनॉइडमध्ये अडकली तर तो नीट बंदच होत नाही. आणि गळती तशीच ठेवली, तर खाली तापलेला एक्झॉस्ट आहेच. 'थोडंसंच गळतंय' हे वाक्य बाथरूमपुरतं ठेवा, प्लीज.

दादाच्या फिटिंगचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन निमुळते. आवळाल तसे घट्ट बसतात, पण आट्यांच्या टोकाशी मळसूत्रासारखी बारीक वाट उरतेच. ती बुजवायला पेस्टसारखं थ्रेड सीलंट लागतं, पेट्रोलला दाद न देणारं. डब्यावर तसं लिहिलेलं बघूनच घ्या.

काम शांतपणे करायचं. बाटली बंद, लाइनमधलं प्रेशर काढलेलं, बॅटरी सोडलेली, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. जुनी टेप, जुनी पेस्ट टोकदार सुईने उकरून काढायची, आटे पुसून कोरडे करायचे. पेस्ट फक्त बाहेरच्या आट्यांना, पुढचे दोन आटे मोकळे सोडून. हाताने बसेल तेवढं बसवा, मग पान्याने साधारण दीड ते दोन फेरे. दुसरा पाना सोलेनॉइडवर धरलेला हवा. कोपरा जुळत नाही म्हणून उलटं फिरवलंत, की सील गेलं, पुन्हा पहिल्यापासून. आणि ताकद दाखवायला जाऊ नका, निमुळता आटा पाचरीसारखा काम करतो, अॅल्युमिनियम तडकतं.

डब्यावरचा वेळ जाऊ द्या. मग बाटली बंदच ठेवून पंप चालू करा आणि प्रत्येक जॉइंटखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा.

गंमत म्हणजे त्याच गाडीत ३७ अंशांची एएन फ्लेअर फिटिंग्जही आहेत. तिथे पेस्टही नको, टेपही नको. तिथे सील आट्यांनी नाही, धातूच्या दोन शंकूंनी होतं. गळत असेल तर ओरखडा शोधा, किंवा कुणी ४५ अंशांचं बसवलंय का ते बघा. दादाने तिथेही टेप लावली होती. दोन दिवस तो ती उकरत बसला, आणि मला शिव्या देत.

आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीला हे प्रकरण जोडायचं मनातही आणू नका. मोटर वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ त्यासाठीच आहे. पण ट्रॅकची गाडी असेल आणि किट अमेरिकन, तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानापासून सावध! तिथे मिळतं ते बहुतेक बीएसपी. पाव इंचात एनपीटीचे इंचाला १८ आटे, बीएसपीचे १९. अष्टमांश इंचात २७ आणि २८. दोनेक फेरे मस्त फिरतं, दुकानदारही म्हणतो, "बसलं की, साहेब!" ते कुठल्याही पेस्टने गळायचं थांबत नाही. जाताना थ्रेड गेज खिशात टाका.