गुलाबाचा बॅकअप

'छान बाग आहे, फोटो मस्त येतात' एवढ्यावर जुन्या बागांची बोळवण करू नये असं माझं ठाम मत आहे. उदाहरण देतो.

पॅरिसच्या दक्षिणेला लाइ-ले-रोझ नावाचं गाव आहे. ज्यूल ग्राव्हरो हा 'बाँ मार्शे' या पॅरिसच्या प्रसिद्ध दुकानात नोकरी करत वर चढलेला माणूस. त्यानं 1892 मध्ये इथे जागा घेतली आणि 1899 मध्ये एदुआर आंद्रेकडून गुलाबबाग आखून घेतली. ध्यास एकच: जगातला ठाऊक असलेला प्रत्येक गुलाब आपल्याकडे हवा! संग्रह सुमारे 8,000 जातींपर्यंत पोचला. तेव्हा गाव नुसतं 'लाइ' होतं, पुढे 1914 मध्ये नावाला गुलाब जोडला गेला. आज बागेत उरल्यात सुमारे 3,000 जाती.

मग काय झालं? गुलाब तर गल्लोगल्ली मिळतात.

गोची अशी आहे की गुलाबाची जात बियांतून जशीच्या तशी येत नाही. कलम करावं लागतं, खुंटावर डोळा भरावा लागतो. म्हणजे जगातलं 'ला फ्रान्स'चं प्रत्येक झाड हे 1867 साली ग्यियोनं बाजारात आणलेल्या त्या एकाच मूळ रोपाचा तुकडा आहे. शेवटचं झाड मेलं की जात संपली. अन्डू नाही, रिसायकल बिन नाही.

नर्सरीवाल्यांना दरवर्षी नवं व्हर्जन विकायचं असतं. अमेरिकेत 1930 मध्ये वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला आणि 1931 मध्ये पहिलं पेटंट मिळालं ते 'न्यू डॉन' या गुलाबाला. पेटंटबद्दल माझी तक्रार नाही. हजारो रोपं वाढवून त्यातलं एखादंच निवडायचं, त्यात वर्षं जातात. लायसन्सच्या पैशावर पगार घेणाऱ्या आपण काय नाकं मुरडायची? पण 20 वर्षांनी पेटंट संपतं, खप आटलेला असतो, आणि ती जात कॅटलॉगमधून गुपचूप गळते. कोड सगळ्यांसाठी मोकळा झाला, पण एकुलता एक सर्व्हरच कोणीतरी बंद केला, असला प्रकार.

आता गंमत बघा. इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिननं 'डेंटी मेड' या नव्या गुलाबाचा संकर 'बेल इसिस' या एकोणिसाव्या शतकातल्या गुलाबाशी केला. त्यातून 1961 मध्ये 'कॉन्स्टन्स स्प्राय' आला आणि पुढे त्याच्या 'इंग्लिश रोझेस'चा जगभरचा धंदा उभा राहिला. 'बेल इसिस' कुणी जपलाच नसता तर?

म्हणून जुनी गुलाबबाग म्हणजे चालू स्थितीतली रिपॉझिटरी. रोज पाणी, छाटणी, नावाच्या पाट्या... कंटाळवाणं मेन्टेनन्सचं काम, आणि ते आपल्याकडे काय, तिकडे काय, कुणालाच ग्लॅमरस वाटत नाही. लाइची बाग सरकारी पैशावर चालते. फायदा मात्र नव्या जाती विकणारे घेतात. माझं म्हणणं साधं आहे: प्रत्येक नव्या गुलाबाच्या रॉयल्टीतला थोडा वाटा अशा बागांना कायद्यानंच मिळावा. ओपन सोर्सवर कोट्यवधी कमावून मेन्टेनरला दमडी न देणाऱ्या कंपन्यांना आपण शिव्या घालतोच ना? मग इथे वेगळा न्याय का?

पटत नसेल तर जरूर भांडा.