सहा वर्षं संपली, ग्रीनकार्ड आलं नाही. मग एच-१बी व्हिसा वाढतो कसा?

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या अनेक कुटुंबांची मुलं आता तिथल्या शाळेत जातात, घराचे हप्तेही सुरू आहेत. पण व्हिसा मात्र तात्पुरत्या कामगाराचाच आहे. एच-१बी व्हिसाची कमाल मुदत सहा वर्षं. तरीही कित्येक भारतीय दहा-पंधरा वर्षं याच व्हिसावर राहतात आणि तेही पूर्णपणे कायदेशीर. हे कसं शक्य होतं आणि यात धोका कुठे आहे?

रांग इतकी लांब का?

अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीनकार्ड देते. त्यात जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. शिवाय एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि देश ठरतो जन्मावरून. एच-१बीला अशी देशनिहाय मर्यादा नाही. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांमध्ये भारतीयांचा वाटा ७० टक्क्यांहून जास्त आहे. त्यामुळे त्यांची रांग ग्रीनकार्डपाशी येऊन तुंबते.

सहा वर्षांनंतर काय?

ही कोंडी ओळखून २००० साली अमेरिकेत 'एसी-२१' हा कायदा झाला. त्यात मुदतवाढीच्या दोन वाटा आहेत.

एक वर्षाची वाढ: या जागेसाठी पात्र अमेरिकी कामगार मिळाला नाही, हे कंपनीला आधी कामगार विभागाला दाखवावं लागतं. या टप्प्याला 'पर्म' म्हणतात. त्यानंतर आय-१४० अर्ज करावा लागतो. पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील आणि प्रक्रिया सुरू असेल, तर एकेक वर्ष वाढवून मिळतं.

तीन वर्षांची वाढ: आय-१४० मंजूर झाला, पण रांगेत नंबर लागला नाही, तर एका वेळी तीन वर्षांपर्यंत मुदत वाढते.

म्हणूनच पाचवं वर्ष संपायच्या आत पर्म दाखल होणं महत्त्वाचं. कंपनीने चालढकल केली, तर कर्मचाऱ्यावर देश सोडण्याची वेळ येऊ शकते. थोडा दिलासा म्हणजे, या काळात अमेरिकेबाहेर घालवलेले दिवस पुरावा दिल्यास सहा वर्षांत धरले जात नाहीत. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला असेल, तर निकाल येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत कामही करता येतं.

नोकरी गेली तर?

खरी मेख इथे आहे. मुदतवाढ कर्मचाऱ्याला हवी असते, पण अर्ज कंपनी करते. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. एवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज केला नाही, तर व्हिसाचा प्रकार बदलणं किंवा परतणं एवढेच पर्याय उरतात.

अशा वेळी आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झालेत का, हा प्रश्न निर्णायक ठरतो. झाले असतील, तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी त्याच्या आधारे नव्या कंपनीला मुदतवाढ मागता येते. ग्रीनकार्डची कागदपत्रं नव्याने करावी लागतात, पण रांगेतली जुनी तारीख टिकते.

मुदत वाढली, पण शिक्का?

अमेरिकेत राहण्याची मुदत आणि पासपोर्टवरचा व्हिसा या वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत तिथेच राहून वाढते. पण शिक्का संपलेला असेल आणि मधेच भारतात यावं लागलं, तर परत जाण्याआधी मुंबईच्या बीकेसीतल्या किंवा भारतातल्या दुसऱ्या वकिलातीत मुलाखत द्यावी लागू शकते. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी अर्जदारांच्या सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली. तेव्हा अनेकांच्या मुलाखती पुढे गेल्या आणि सुट्टीवर आलेले कर्मचारी इथेच अडकले. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेलं १ लाख डॉलरचं शुल्क मात्र अमेरिकेत राहून मिळणाऱ्या मुदतवाढीला लागू नाही, असं तिथल्या प्रशासनाने स्पष्ट केलं आहे.

मुलांचं काय?

आईवडिलांची मुदत वाढत राहते, मुलांचं वय मात्र थांबत नाही. भारतात जन्मलेलं मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा एच-४ व्हिसा संपतो. तोवर ग्रीनकार्ड आलं नाही, तर त्याला विद्यार्थी व्हिसासारखी स्वतंत्र सोय शोधावी लागते. नाहीतर ज्या देशात शाळा शिकली, तो देश सोडून ज्या देशाची फारशी आठवणही नाही, तिथे परतावं लागतं.