आधी रस्त्याची रेषा पाहा, मग शेडचा खांब रोवा

लेथ कोणती घ्यावी, पत्रा कोठून आणावा, उधारी किती दिवसांची द्यावी, यावर आमचे व्यापारी व कारागीर बांधव तासन् तास चर्चा करतात. परंतु ज्या जागेवर ही लेथ बसणार आहे, त्या जागेपुढील रस्त्याची कायदेशीर रेषा कोठून जाते, हे विचारण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. भोसरी, मोशी, चिखली, चाकण या पट्ट्यात या बेफिकिरीची किंमत आता आयुष्यभराच्या कमाईत मोजावी लागत आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडी भागात पिंपरी-चिंचवड महापालिकेने काही दिवसांत चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. त्यात भंगाराची गोदामे होती, पत्र्याची शेड होती, छोटे कारखाने होते. आमच्या असंख्य बांधवांची रोजी त्यात गेली. त्याच चिखलीत मे २०२५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडण्यात आले. ते पत्र्याचे नव्हते, पक्के होते. म्हणजे रेषा नदीची असो वा रस्त्याची, तिच्या आत बांधलेले शेड आणि तिच्या आत बांधलेला बंगला यांत बुलडोझर भेद करीत नाही.

आता पुढची रेषा पुणे-नाशिक महामार्गाची आहे. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठ पदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने २ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्चाचा आकडा ७,८२७ कोटी रुपयांचा आहे. हा मार्ग भोसरीच्या अंगणातून जातो. ज्यांचे गॅरेज, हॉटेल, टायरचे दुकान किंवा फॅब्रिकेशनचे शेड या रस्त्याला लागून आहे, त्यांनी आजच आपली कागदपत्रे काढून पाहावीत.

कायदा काय म्हणतो? राज्याच्या महामार्गांसाठी १९५५ चा महामार्ग अधिनियम आहे. त्यात तीन रेषा सांगितल्या आहेत : महामार्गाची हद्द, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा. हद्दीच्या आत बांधले तर ते सरळ अतिक्रमण. हद्द व इमारत रेषा यांच्यामधील जमीन तुमच्या मालकीची असू शकते, सातबारावर तुमचे नाव असू शकते. तरीही महामार्ग प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तेथे बांधता येत नाही. इमारत रेषेपलीकडे नियंत्रण रेषेपर्यंतही परवानगी लागतेच. गावाबाहेरच्या मोकळ्या सपाट भागात राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा व ७५ मीटरवर नियंत्रण रेषा सुचविली आहे. शहराच्या हद्दीत विकास आराखड्यातील रस्तारुंदी आणि बांधकाम नियमावली यांवरून अंतर ठरते. ‘आमची स्वतःची जमीन आहे, आम्हाला कोण विचारणार?’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

आणखी दोन बाबी आमच्या लोकांना ठाऊक नसतात. एक म्हणजे या कायद्यात ‘इमारत’ हा शब्द फार व्यापक आहे. जोते, पायरी, कुंपणाची भिंत, जाहिरातीची पाटीसुद्धा त्यात मोडते. ‘पत्र्याचे तात्पुरते आहे’ ही सबब तेथे चालत नाही. दुसरी बाब म्हणजे दुकानातून महामार्गावर उघडणारा रस्ता काढण्यासही वेगळी परवानगी लागते. राष्ट्रीय महामार्गासाठी असा जोडरस्ता देण्याचे नियम केंद्रीय परिवहन मंत्रालयाने जून २०२० मध्ये नव्याने काढले. औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंड महामार्गाला लागून असला, तरी महामार्गावर थेट फाटक काढण्याचा हक्क त्यासोबत आपोआप येत नाही.

मग लोक कशाच्या भरवशावर बांधतात? विजेचे मीटर, शॉप ॲक्टचा परवाना आणि घरपट्टीची पावती, या तीन कागदांच्या भरवशावर. यांपैकी एकही बांधकाम परवानगी नाही. आपल्या शहराला हे वेगळे सांगायला नको. अनधिकृत बांधकामांवरील शास्तीकर येथे वर्षानुवर्षे गाजला आणि २०२३ मध्ये शासनाने तो माफ केला. कर माफ झाला म्हणजे बांधकाम अधिकृत झाले, असा अनेकांनी समज करून घेतला. तो चुकीचा आहे. कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही आणि कर माफ झाल्यानेही होत नाही.

दुसरा भरवसा असतो सर्वोच्च न्यायालयाचा. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने बुलडोझर कारवाईला लगाम घातला. किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणांसहित आदेश हे बंधनकारक केले. हा निकाल आमच्यासाठी मोठा आधार आहे, यात शंका नाही. परंतु त्याच निकालात स्पष्ट म्हटले आहे की सार्वजनिक रस्ता, पदपथ अशा जागांवरील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही. म्हणजे ज्याचे शेड रस्त्याच्या हद्दीत आहे, त्याच्या हाती हीही ढाल उरत नाही.

येथे शासनाला दोन शब्द सुनावणे भाग आहे. भोसरीतील कारागिराने परवानगी मागायची ठरवली तर जायचे कोठे? औद्योगिक वसाहतीत महामंडळ, बाहेर महापालिका, शहराच्या हद्दीपलीकडे चाकणकडे पी.एम.आर.डी.ए., राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राची यंत्रणा. पूर्वीच्या प्राधिकरणाचा भाग २०२१ मध्ये विसर्जनानंतर वाटला गेला, त्यामुळे तेथील लोकांची आणखी एक चौकशी वाढली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरता फिरता माणूस थकतो आणि एजंटच्या हाती सापडतो. जागेवर दगड रोवून रेषा दाखवायची नाही, वर्षानुवर्षे कर घ्यायचा, वीज द्यायची आणि एके सकाळी यंत्रे घेऊन यायचे, हा न्याय नव्हे. रेषा पाळण्याची अपेक्षा असेल तर ती आधी दिसली पाहिजे.

तथापि शासन सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर आपले नुकसान आपण टाळले पाहिजे. जागा घेण्यापूर्वी किंवा भाड्याने धरण्यापूर्वी भाग नकाशा व झोन दाखला काढावा. पिंपरी-चिंचवडचा प्रारूप विकास आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यावर हजारो हरकती आल्या. आपल्या गटातून कोणता रस्ता दाखविला आहे हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून घ्यावी. वास्तुविशारदाकडून जागेचा नकाशा काढून त्यावर रस्त्याच्या मध्यापासूनचे अंतर, येण्या-जाण्याचा मार्ग व पाण्याचा निचरा दाखवावा आणि मगच ना हरकत दाखल्यासाठी अर्ज करावा. अर्ज तोंडी नको, लेखी हवा; त्याची शिक्क्यासह पोहोच हवी. उत्तर न आल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा हाती आहे, अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. चिरीमिरी देऊन मिळालेल्या तोंडी ‘होकारा’ला नोटीस आल्यावर कोणीच वाली नसतो.

भाडेकरूंनी तर अधिकच सावध राहावे. आमचे बहुसंख्य कारागीर भाड्याच्या शेडमध्ये काम करतात. भूसंपादन झाले तर जमिनीचा मोबदला सातबारावरील मालकाकडे जातो. कारागिराच्या वाट्याला मशीन उचलण्याची धावपळ येते आणि अनामत परत मिळविण्याचे भांडण येते. म्हणून मालकाकडे मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र मागा. तो नाही म्हणत असेल तर नोंदणीकृत भाडेकरारात लिहून घ्या की शासकीय कारवाईने जागा गेल्यास अनामत ठराविक मुदतीत परत मिळेल. स्टँप पेपरवर गुंठा घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की गुंठेवारी कायदा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना खुला झाला, पण रस्त्याच्या जागेवरील बांधकाम त्यातून सुटेल अशी आशा धरू नये.

आमच्या दीनमध्ये रस्त्याला हक्क दिलेला आहे. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग असल्याची शिकवण पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी दिली, आणि वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याला कठोर इशाराही दिला. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब बाजारात फिरे, तेव्हा मापे तपासण्याबरोबर रस्ता कोणी अडविला आहे का हेही पाही. दुकानापुढे चार फूट पुढे सरकविलेले काउंटर आज गिऱ्हाईक आणत असेल. परंतु पादचाऱ्याला डांबरी रस्त्यावर ढकलून मिळविलेल्या त्या कमाईत बरकत कशी असेल?

हे काम एकट्याने होणारे नाही. दर जुम्याला शेकडो व्यापारी एकत्र येतात. भोसरी-चिखली-चाकण भागातील जमातींनी व बाजार संघटनांनी मिळून आठवड्यातून एक दिवस एक टेबल मांडावे. एक वकील, एक वास्तुविशारद आणि अर्ज लिहून देणारा एक शिकलेला तरुण एवढी माणसे पुरेत. प्रत्येक सदस्याच्या जागेची फाईल तयार व्हावी आणि उन्नत मार्गाच्या कामात ज्यांची जागा जाऊ शकते त्यांनी एकत्रितपणे पर्यायी गाळ्यांची मागणी आताच लेखी करावी. पाडापाडीनंतर काढलेल्या मोर्चापेक्षा आधी दिलेल्या अर्जाचे वजन अधिक असते.